मुलगा येईना, म्हणून आम्ही दोघेच गेलो

हे लिहिण्यापूर्वी मी माझ्या मुलाची परवानगी घेतली आहे. त्याने संपूर्ण लेख वाचला, दोन वाक्ये काढायला सांगितली, ती मी काढली, आणि एक गोष्ट मात्र आठवणीने लिही असे बजावले. ती पुढे येईल. आम्ही नाशिकला राहतो. मी बँकेत नोकरी करते, माझे पती सातपूरच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात सुपरवायझर आहेत आणि माझे सासरे आमच्याबरोबर राहतात. २०२२ च्या जूनमध्ये मुलगा अकरावीला गेला तेव्हा तो सोळा वर्षांचा होता. त्याच वर्षीच्या डिसेंबरात त्याने पहिल्यांदा गांजा ओढला आणि पुढच्या पावसाळ्यात तो एम.डी., म्हणजे मेफेड्रोन नावाची नशेची पावडर, घेऊ लागला. आम्हाला हे कळले ते २०२३ च्या दिवाळीत.

‘आम्हाला काही कळलेच नाही’ असे मी सुरुवातीला सगळ्यांना सांगत असे. आज तसे म्हणवत नाही, कारण दिसत सगळे होते; फक्त दिसणाऱ्या प्रत्येक गोष्टीसाठी आमच्याकडे वेगळे आणि पटण्यासारखे कारण तयार होते. डोळे लाल दिसले तेव्हा रात्री उशिरापर्यंत मोबाइलवर क्लासचे व्हिडिओ पाहतो म्हणून, असे आम्ही ठरवले आणि डोळ्यांत घालायचे थेंब मीच आणून दिले. खोलीत रोज अगरबत्ती जळू लागली तेव्हा अभ्यासात मन लागावे म्हणून लावत असेल असे वाटून मला बरेच वाटले. वजन उतरले ते वाढत्या वयामुळे, चिडचिड झाली ती जेईईच्या ताणामुळे. ऑक्टोबरमध्ये दोनदा नाकातून रक्त आले, तेव्हा उन्हाने घोळणा फुटला म्हणत सासऱ्यांनी त्याच्या डोक्यावर गार पाणी थापले. लहानपणापासूनचे क्रिकेटचे मित्र घरी येईनासे झाले होते आणि नवे मित्र कधीच जिना चढून वर येत नसत, खालूनच हॉर्न वाजवत. शुक्रवारची आणि शनिवारची रात्र तो जागा असे, टक्क जागा, आणि रविवारी संध्याकाळपर्यंत उठत नसे. यांतली एखादी गोष्ट कोणत्याही सतरा वर्षांच्या मुलाच्या घरी दिसेल. पण या सगळ्या गोष्टी साधारण एकाच तीन-चार महिन्यांत सुरू झाल्या होत्या, आणि त्या एका कागदावर तारखांसह लिहून काढल्या असत्या तर त्यांचा एकमेकींशी असलेला संबंध लपला नसता. पुढे समुपदेशक ताईंनी आमच्याकडून हेच पहिले काम करून घेतले. आईने वेगळा कागद लिहायचा, वडिलांनी वेगळा, आणि मग दोन्ही शेजारी ठेवायचे. माझ्या कागदावर अकरा नोंदी होत्या, यजमानांच्या कागदावर सात, आणि त्यांतल्या चारच दोन्हीकडे समान होत्या. याचा अर्थ इतकाच, की घरातल्या माणसांनी जे पाहिले होते ते एकमेकांना सांगितलेच नव्हते.

पैशांचेही तेच झाले. सासऱ्यांच्या पाकिटातून पाचशेच्या नोटा कमी होत होत्या आणि त्याचा संशय आम्ही घरकामाला येणाऱ्या मावशींवर घेतला. नऊ वर्षे त्या आमच्याकडे येत होत्या. मी त्यांना उघडपणे चोर म्हटले नाही, पण कपाटाला कुलूप लावले, आणि काय समजायचे ते त्यांना समजले. दोन महिन्यांनी त्यांनी काम सोडले. मुलाच्या अल्पवयीन खात्याचे विवरण मला केव्हाही पाहता येत होते. दोनशे, पाचशे, पुन्हा पाचशे अशा रकमा त्याच एका-दोन अनोळखी नावांवर, बहुधा शुक्रवारी, जात होत्या. दिवसभर इतरांची खाती तपासणारी मी, स्वतःच्या मुलाचे खाते अकरा महिन्यांत एकदाही नीट वाचले नव्हते. सत्य कळल्यानंतर मी मावशींच्या घरी जाऊन त्यांची क्षमा मागितली. त्यांनी चहा दिला, पण कामावर परत येणार नाही असे सांगितले, आणि त्यांचे बरोबरच होते.

ऑक्टोबर २०२३ मध्ये नाशिकजवळच्या शिंदे गावात एम.डी. बनवण्याचा कारखाना मुंबई पोलिसांनी उघडकीस आणला, त्या दिवसांत आमच्या शहरात सगळीकडे तोच विषय होता. मी ती बातमी नाश्त्याच्या वेळी मोठ्याने वाचली आणि ‘कोणाची मुले घेत असतील हे विष?’ असे म्हणाले. मुलगा पोहे अर्धे टाकून उठला. त्याला क्लासला उशीर होत असेल, असे मी तेव्हा म्हटले होते.

पालकांना या पदार्थांची निदान तोंडओळख असावी, असे मला फार वाटते, कारण आपल्या पिढीच्या मनात ‘ड्रग्ज’ म्हटले की सिनेमातली सुई आणि अंधारी खोली येते आणि आपल्या घराचे त्याच्याशी नाते जुळत नाही. सुरुवात बहुधा सिगारेट, मावा, विदर्भात खर्रा, नाहीतर व्हेप यांपासून होते. व्हेप म्हणजे ई-सिगारेटची विक्री आपल्याकडे २०१९ च्या कायद्याने बंद आहे, तरी पेनड्राइव्हसारख्या दिसणाऱ्या या वस्तू मुलांच्या दप्तरात सापडतात. गांजाला मुले ‘माल’ किंवा ‘वीड’ म्हणतात. तो ओढण्याच्या पातळ कागदाला ‘गोगो’ म्हणतात आणि तो पानाच्या टपरीवर सहज मिळतो. लाल डोळे, अवेळी लागणारी भूक, गोड खाण्याची ओढ आणि पुढेपुढे कशातच रस न उरणे ही त्याची चिन्हे. एम.डी. म्हणजे मेफेड्रोन ही पांढरट पावडर लहान प्लास्टिकच्या पुडीत मिळते आणि बहुधा नाकाने ओढली जाते. घेतल्यावर झोप आणि भूक दोन्ही उडतात, बोलणे अखंड चालू राहते, डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या दिसतात, जबडा आवळला जातो, दात खाल्ले जातात. दोन-तीन तासांत परिणाम ओसरू लागला की लगेच पुन्हा घ्यावीशी वाटते, आणि सगळे उतरल्यावर जी उदासी येते ती इतकी खोल असते की त्या एक-दोन दिवसांत मुलाला एकटे सोडू नये, असे डॉक्टरांनी आम्हाला स्पष्ट सांगितले. हा पदार्थ अंमली पदार्थविरोधी कायद्याच्या यादीत २०१५ साली आला, त्यामुळे आपल्या शाळेच्या दिवसांत त्याचे नावही कोणी ऐकले नव्हते.

त्याखेरीज खोकल्याची कोडीनयुक्त औषधे आहेत, झोपेच्या किंवा चिंतेवरच्या गोळ्या आहेत, ज्यांना ‘बटण’ म्हणतात आणि आमच्या जिल्ह्यात मालेगावकडे ‘कुत्ता गोळी’ हे नाव आहे, आणि व्यायामशाळांच्या आसपास फिरणारी मेफेंटरमिनची इंजेक्शने आहेत, जी मुळात शस्त्रक्रियेच्या वेळी उतरलेला रक्तदाब वाढवण्यासाठी असतात. सर्वांत स्वस्त आणि सर्वांत लहान मुलांच्या हाती लागणारा प्रकार म्हणजे व्हाइटनर, थिनर आणि चपला चिकटवण्याचे सोल्यूशन हुंगणे. दिल्लीच्या एम्सच्या व्यसनोपचार केंद्राने केंद्र सरकारसाठी केलेल्या आणि २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणात मोठ्यांपेक्षा मुलांमध्ये अधिक आढळलेला हा एकच प्रकार होता: मोठ्यांत ०.५८ टक्के, तर दहा ते सतरा वयाच्या मुलांत १.१७ टक्के. कपड्यांना रसायनाचा वास, बोटांवर पांढरे डाग, तोंडाभोवती पुरळ आणि दप्तरात एखादा ओलसर रुमाल किंवा प्लास्टिकची पिशवी दिसली, तर त्याकडे दुर्लक्ष करू नये. यातली एक गोष्ट प्रत्येक आईवडिलांना माहीत असायलाच हवी. हुंगताना मूल दिसले तर त्याच्यावर ओरडत धावून जाऊ नये, त्याला पळवू नये. या वाफांनी हृदय इतके संवेदनशील झालेले असते की अचानक बसलेल्या धक्क्याने किंवा धावपळीने त्याची लय बिघडून मुलाचा जागीच मृत्यू होऊ शकतो. शांतपणे जवळ जाऊन, मोकळ्या हवेत बसवून, मग पुढचे बघावे.

आता आमच्या चुकांविषयी लिहिते, कारण त्या बहुतेक घरांत होतात. वसुबारसेच्या आदल्या दिवशी साफसफाई करताना जुन्या कंपासपेटीत मला तीन रिकाम्या पुड्या आणि गुंडाळी केलेली दहाची नोट सापडली. मी यजमानांना फोन केला, ते कारखान्यातून निघून आले, आणि मुलगा घरात पाऊल टाकतो न टाकतो तोच त्यांनी त्याच्या कानाखाली मारली. फोन काढून घेतला, क्लास बंद केला, खोलीच्या दाराची कडी काढून टाकली. तो म्हणाला, मित्राच्या आहेत. मग तो म्हणाला, एकदाच घेतली. आम्हाला हवा होता कबुलीजबाब, आणि त्याला हवी होती आमच्यापासून सुटका. त्या रात्री बोलणे असे झालेच नाही. भाऊबीज झाल्यावर आम्ही त्याला वणीला सप्तशृंगीच्या गडावर नेले आणि देवीसमोर शपथ घ्यायला लावली. तो रडला, आम्ही रडलो, सगळे संपले असे समजून घरी आलो. आठव्या दिवशी शपथ मोडली.

शपथेविषयी मला थोडे अधिक लिहिले पाहिजे. आपल्याकडे दारू सोडण्यासाठी गळ्यात माळ घालण्याची जुनी रीत आहे, आणि माळ घातल्यावर आयुष्यभर थेंबाला न शिवलेली माणसे माझ्या माहेरच्या गावात मी स्वतः पाहिली आहेत. ती माळ त्या माणसांनी मनाने स्वीकारलेली होती आणि तिच्यामागे दिंडी, भजन, सोबतीचे वारकरी असा रोजचा आधार होता. आम्ही मुलाकडून घेतलेली शपथ आमच्या भीतीपोटी होती, तिच्यामागे कसलाही आधार नव्हता, आणि ती मोडल्यावर त्याच्या मनात व्यसनाच्या जोडीला ‘आता तर मी देवीशीही खोटे बोललो’ ही लाज येऊन बसली. ती लाज विसरण्यासाठी त्याने आणखी घेतले, हे त्याने मला पुढे वर्षभराने सांगितले.

डिसेंबरात माझ्या बँकेतल्या एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी एका समुपदेशक ताईंचा पत्ता दिला. मुलगा येणार नाही म्हणाला. मी ताईंना फोन करून भेट रद्द करू लागले, तेव्हा त्या म्हणाल्या, ‘तो येत नसेल तर तुम्ही दोघे या. त्याच्यासाठी थांबू नका.’ व्यसन त्याला आहे आणि बसायचे आम्ही, हे यजमानांना पटत नव्हते. ते पहिल्या भेटीला केवळ माझ्यासाठी आले. आज मागे वळून पाहताना मला वाटते, आमच्या घराची दिशा बदलली ती त्या दिवशी. जे पालक ‘तो तयार झाला की जाऊ’ म्हणून थांबले आहेत, त्यांना मी हात जोडून सांगेन की थांबू नका.

ही केवळ माझी भावना नाही. रॉबर्ट मेयर्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने व्यसनी व्यक्ती उपचार नाकारत असताना तिच्या घरच्यांना प्रशिक्षण देण्याची पद्धत विकसित केली. दारूचे व्यसन असलेल्या आणि उपचार नाकारणाऱ्या प्रौढांच्या कुटुंबीयांवर झालेल्या, १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तिची इतर मार्गांशी तुलना केली गेली. घरच्यांना असे प्रशिक्षण मिळाले तेव्हा सुमारे ६४ टक्के व्यसनी उपचाराला आले. सगळ्यांनी मिळून एकदम घेरून जाब विचारण्याच्या पद्धतीने सुमारे ३० टक्के. आपल्याकडे डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचट यांनी २९ ऑगस्ट १९८६ रोजी पुण्यात मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केले, त्याला पु. ल. देशपांडे आणि सुनीताबाईंनी देणगी दिली, ही हकिगत मराठी वाचकांना ठाऊक आहे. तेव्हा शहरांत ब्राउन शुगरची, म्हणजे ‘गर्द’ची लाट होती. त्या कामातही घरच्या माणसांना उपचारापासून वेगळे ठेवलेले नाही. व्यसनी पुरुषांच्या पत्नींसाठी तिथे ‘सहचरी’ हा स्वतंत्र गट चालतो.

मुलाशिवाय आम्ही दोघेच ताईंकडे जात होतो, त्या पाच आठवड्यांत काय शिकलो ते सांगते. पहिली गोष्ट म्हणजे वेळ. नशेत असलेल्या मुलाशी त्या वेळी काहीही बोलायचे नाही, तो सुरक्षित आहे एवढे पाहायचे आणि बोलणे दुसऱ्या दिवसासाठी ठेवायचे. रात्री दीड वाजता दारात उभे राहून मी जे काही बोलत असे त्यातला एक शब्दही त्याच्या लक्षात राहत नव्हता, फक्त माझा चढलेला आवाज राहत होता. दुसरी गोष्ट म्हणजे बोलण्याची लांबी. ताईंनी माझ्याकडून वाक्य पाठ करून घेतले: ‘शुक्रवारी तू रात्रभर जागा होतास आणि काल जेवला नाहीस, ते पाहून मला भीती वाटली, आपण डॉक्टरांकडे जाऊ या असे मला वाटते.’ एवढेच बोलायचे आणि गप्प बसायचे. ‘का करतोस?’, ‘आमचे काय चुकले?’, ‘शेजारच्यांचा मुलगा बघ’ यांतले काहीही त्यात आणायचे नाही. गप्प बसणे मला सर्वांत अवघड गेले. चौथ्या की पाचव्या वेळेस त्या शांततेत तो म्हणाला, ‘मलाही भीती वाटते.’

तिसरी गोष्ट यजमानांसाठी होती. मुलगा ज्या वेळेला नशेत नसतो, ती वेळ सापडेल तशी त्याच्याबरोबर घालवायची आणि त्या वेळेत व्यसनाचा विषय काढायचा नाही. मंगळवारी आणि गुरुवारी सकाळी ते त्याला घेऊन पांडवलेण्यांच्या पायऱ्या चढायला जाऊ लागले. पहिल्या आठवड्यात दोघे एक शब्द न बोलता जाऊन आले. कानाखाली मारल्याबद्दल त्यांनी त्याची क्षमा मागितली ती तिथेच, असे मला मुलाकडून कळले; यजमान स्वतः त्याविषयी आजही बोलत नाहीत.

पैशांच्या बाबतीत ठरले ते असे, की हातात रोकड द्यायची नाही, फी आणि पुस्तकांचे पैसे थेट भरायचे, पण जेवण, घर आणि माया यांवर कोणतीही अट घालायची नाही. कॉलेजला खोटी आजारपणाची चिठ्ठी मी दोनदा दिली होती, ती पुन्हा द्यायची नाही. अनुपस्थितीचे जे परिणाम होतील ते त्याला भोगू द्यायचे. आणि घरातल्या सर्व मोठ्या माणसांचा शब्द एक असला पाहिजे. सासरे नातवाला गुपचूप शंभर-दोनशे देत होते, ‘पोरगं तोंड एवढंसं करून बसतं’ म्हणून. त्यांना वाईट बोलण्याऐवजी आम्ही त्यांनाच ताईंकडे घेऊन गेलो, आणि अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी ते तासभर शांतपणे ऐकत बसले.

पाचव्या आठवड्यानंतर मुलगा ‘एकदाच येतो’ म्हणून आला. तिथे ताईंनी आणि नंतर मानसोपचारतज्ज्ञांनी आम्हाला बाहेर बसवून त्याच्याशी एकट्याशी बोलणे केले. किशोरवयीन मुलांसाठी डॉक्टर काही ठरावीक प्रश्न वापरतात: नशेत असलेल्या कुणाच्या गाडीवर बसलास का, ताण घालवण्यासाठी घेतोस का, एकटा असताना घेतोस का, घेतल्यावर केलेले विसरतोस का, मित्र किंवा घरचे कमी कर म्हणतात का, त्यामुळे कधी अडचणीत आलास का. दोन किंवा अधिक उत्तरे होकारार्थी आली की अधिक खोलात तपासणी करावी लागते. हे प्रश्न पालकांनी घरी उलटतपासणीसारखे विचारण्याचे नाहीत, कारण खरी उत्तरे आई समोर नसतानाच येतात. औषधाच्या दुकानातले लघवी तपासणीचे किटही आम्ही चोरून वापरले होते, त्याचा उलट परिणाम झाला. गांजा कित्येक दिवस, रोज ओढणाऱ्यात कित्येक आठवडे दिसत राहतो आणि मेफेड्रोन अनेक साध्या किटमध्ये दिसतच नाही. आमच्या किटने ‘काही नाही’ असे सांगितले होते.

आता मुलाने लिहायला सांगितलेली गोष्ट. ‘पालकांनी एक प्रश्न नक्की विचारावा,’ तो म्हणाला, ‘तुझी कुणाकडे उधारी आहे का? मला तो कुणी विचारला असता तर मी खूप आधी सांगितले असते.’ विकणारे माल उधारीवर देतात, उधारी वाढू देतात, आणि मग ती फेडण्यासाठी मुलाला दुसऱ्या मुलांपर्यंत पुड्या पोहोचवायला सांगतात. त्याच्यावर अठरा हजारांची उधारी होती आणि रोज धमकीचे संदेश येत होते. तो आमच्यापासून व्यसन जितके लपवत होता, त्याहून जास्त हे लपवत होता. ओळखीच्या वकिलांच्या सल्ल्याने आम्ही त्या माणसाला भेटायला गेलो नाही, संदेश जपून ठेवले आणि पोलिसांकडे तक्रार दिली. बाल न्याय कायदा, २०१५ च्या कलम ७७ नुसार मुलाला अंमली पदार्थ देणाऱ्याला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, आणि कलम ७८ मुलांना विक्रीसाठी वापरणाऱ्यांसाठी आहे. कायदा मुलाच्या बाजूने इतका उभा असेल, याची आम्हाला कल्पनाही नव्हती.

पोलिसांच्या भीतीने उपचार टाळणारी अनेक कुटुंबे मला भेटतात. १९८५ च्या अंमली पदार्थविरोधी कायद्यात कलम ६४-अ आहे. सेवनाचा किंवा अल्प प्रमाणात पदार्थ बाळगल्याचा आरोप असलेली व्यसनाधीन व्यक्ती स्वतःहून सरकारी किंवा मान्यताप्राप्त संस्थेत उपचार घेत असेल, तर तिला त्या आरोपाच्या खटल्यापासून संरक्षण मिळते. उपचार पूर्ण केले नाहीत तर हे संरक्षण काढून घेतले जाऊ शकते. शिवाय मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ नुसार रुग्णाची माहिती गोपनीय ठेवणे डॉक्टरांवर बंधनकारक आहे.

या २०१७ च्या कायद्याची माहिती मला उशिरा मिळाली, आणि ती आधी असती तर एक वाईट दिवस टळला असता. जानेवारीत, हताश झालेल्या एका क्षणी, आम्ही शहराबाहेरच्या एका केंद्रात चौकशीला गेलो होतो. ‘मुलाला आम्ही रात्री येऊन झोपेतूनच उचलून नेऊ, सहा महिने तुम्ही भेटायचे नाही’ असे तिथल्या माणसाने सांगितले. कुलूप लावलेल्या एका मोठ्या खोलीत पन्नाशीतली माणसे आणि पंधरा-सोळा वर्षांची मुले एकत्र बसवली होती. डॉक्टर कोण, असे विचारले तर उत्तर मिळाले नाही. नोंदणीचे प्रमाणपत्र मागितले तर ते ‘ऑफिसात’ होते. आम्ही निघून आलो, तरी त्या मुलांचे चेहरे माझ्या डोळ्यांसमोरून आजही जात नाहीत. कायद्याप्रमाणे अशा केंद्राला राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाची नोंदणी लागते, अठरा वर्षांखालील मुलाला दाखल करण्यापूर्वी दोन तज्ज्ञांनी, ज्यांत मानसोपचारतज्ज्ञ असतो, त्याला स्वतंत्रपणे तपासावे लागते, त्याला प्रौढांपासून वेगळे ठेवावे लागते आणि पालक किंवा नेमलेली व्यक्ती त्याच्यासोबत राहावी लागते. नोंदणी दाखवा, डॉक्टरांना भेटवा, मुलांची राहण्याची जागा दाखवा, एवढे तीन प्रश्न विचारायला कोणी लाजू नये.

घरात कोंडून नशा सोडवण्याचा प्रयत्नही करू नये. दारू किंवा झोपेच्या गोळ्या रोज घेणाऱ्याने त्या एकदम बंद केल्या तर झटके येऊन जिवावर बेतू शकते. आणि कधी मूल बेशुद्ध पडलेले सापडले, श्वास संथ झालेला, ओठ निळसर झालेले दिसले, तर कुशीवर वळवून १०८ ला फोन करावा, तोंडात पाणी किंवा लिंबू घालू नये, उलटी करवू नये, आणि डॉक्टरांना काय घेतले असावे ते लपवू नये. पुडी सापडली तर ती सोबत न्यावी. फोनवर सल्ला हवा असेल तर केंद्र सरकारची व्यसनमुक्ती हेल्पलाइन १४४४६, मानसिक आरोग्यासाठीची टेली-मानस १४४१६ आणि मुलांसाठी १०९८ हे क्रमांक निःशुल्क आहेत.

माझ्या मुलाने २०२४ ची बारावीची परीक्षा दिली नाही; ती त्याने पुढच्या वर्षी दिली. एम.डी.साठी ठरावीक औषध नाही, त्यामुळे त्याचे उपचार म्हणजे प्रामुख्याने समुपदेशन, झोपेसाठी आणि उदासीसाठी काही महिने औषधे, आणि दर आठवड्याचा फॉलोअप. सात महिने सर्व ठीक चालले. मग २०२४ च्या गणपतीत, मिरवणुकीच्या रात्री, जुन्या मित्रांत त्याची स्लिप झाली, म्हणजे सोडलेली नशा त्याने पुन्हा केली. पहाटे साडेपाचला तो माझ्या खोलीच्या दारात उभा होता. ‘आई, काल घेतली,’ एवढेच म्हणाला. मी त्याला बसायला सांगितले, उधारी आहे का ते विचारले, तो नाही म्हणाला. यजमान उठून आले आणि त्याच्या शेजारी बसले. बराच वेळ कोणी काही बोलले नाही. मग त्यानेच विचारले, ताई किती वाजता येतात. मी सांगितले, दहाला, आणि तो म्हणाला की त्याला साडेनऊलाच तिथे जाऊन बसायचे आहे.